न मागितलेले गाणे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गातील एक मुलगा घरच्या माळ्यावर सापडलेली एक मळकी पुस्तिका घेऊन शाळेत आला. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीने महाडात आणि आमच्या काठावर पुष्कळांच्या घरांतील खालचे सामान नेले. ही माळ्यावर होती म्हणून राहिली. पुस्तिका त्याच्या आजोबांच्या रेडिओच्या परवान्याची होती. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि परवाना नवा करून घ्यायचा, अशी त्या काळची रीत. मुलाने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "गुरुजी, रेडिओ ऐकायला पण पैसे पडायचे?"

"पडायचे रे."

"मग पैसे भरले की आपल्याला पाहिजे ते गाणं लागायचं?"

"नाही. ते लावतील ते ऐकायचं."

मुलगा हसला. पैसे आपले आणि गाणे दुसऱ्याच्या मर्जीचे, हा व्यवहार त्याला वेडगळ वाटला असावा. त्याच्या हातात मोबाईल आहे; त्यावर तो मागेल ते गाणे मागेल तेव्हा लागते. मला मात्र त्याच्या हसण्याने पुष्कळ दिवस मनात घोळणाऱ्या एका विषयाचे टोक हाती आले. विषय असा, की आपल्या रागसंगीताला रेडिओच्या बाजारात स्वतःच्या पायांवर उभे राहता आले का? उपग्रहावरून अहोरात्र हिंदुस्थानी रागसंगीत ऐकविणारी, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी 'गंधर्व' नावाची एक वाहिनी आपल्याकडे काही वर्षे होती. ३१ डिसेंबर २००९ रोजी ती थांबली. तिच्याविषयी रसिकांच्या मनात अजून हळहळ आहे. ती हळहळ मी समजू शकतो; परंतु तिच्यातून जो निष्कर्ष बहुतेक जण काढतात, तो मला पटत नाही. का पटत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

माझा अधिकार विचाराल तर काहीच नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, मास्तरकी करतो, सवडीने कादंबऱ्या लिहितो. गाणे शिकलो नाही. पण रेडिओचा इतिहास हा जितका गाणाऱ्यांचा आहे, त्याहून अधिक तो न शिकलेल्या कानांचा आहे. आणि तसे दोन कान माझ्यापाशी आहेत.

२

आपल्याकडचा रेडिओ सरकारने सुरू केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी कंपनीचे केंद्र होते. पुढच्याच महिन्यात तिने कलकत्त्याचे केंद्र उघडले. मुंबईच्या यंत्राची शक्ती होती दीड किलोवॅट. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः परवान्यांवर अवलंबून होते. वर्षाचा परवाना दहा रुपयांचा, आणि त्यांतील आठ रुपये कंपनीचे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर वर्गणीदारांचा रेडिओ. परंतु वर्गणीदार जमले नाहीत. तीन वर्षांनंतरही साऱ्या देशात परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आत होती. मार्च १९३० मध्ये कंपनी मोडीत निघाली आणि एप्रिलपासून केंद्रे सरकारने चालवायला घेतली. १९३६ साली त्या खात्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

या पहिल्या अपयशाकडे आपण फारसे लक्ष देत नाही, कारण नंतर सरकार आले आणि गाडी चालू झाली. परंतु लक्ष द्यायला हवे. ज्याला हवे त्याने पैसे भरावेत आणि ऐकावे, ही कल्पना आपल्या देशात १९२७ सालीच आजमावून झालेली होती. 'गंधर्व' हा तिचा पहिला प्रयोग नव्हे.

सरकारच्या हाती रेडिओ आला आणि दुसरी एक गंमत झाली. रेडिओ मास्तर झाला. मी स्वतः मास्तर असल्यामुळे ही गोष्ट मला अभिमानाने आणि काहीशा लाजेने सांगावी लागते. कोणते वाद्य भारतीय आणि कोणते अभारतीय याचा निवाडा रेडिओचे अधिकारी करू लागले. रेडिओचे प्रमुख होते लायोनेल फील्डन नावाचे इंग्रज गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत, १ मार्च १९४० पासून, हार्मोनियमवर बंदी आली. जिच्या साथीवर आमची मराठी रंगभूमी गायली, ती पेटी परदेशी ठरली आणि तसे ठरविणारा अधिकारी विलायतेचा. रवींद्रनाथांसारख्यांचाही या बंदीला पाठिंबा होता, हे मान्य करूनही त्यातला विनोद कमी होत नाही. ही बंदी थोडीफार सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर हा मास्तर अधिकच करडा झाला. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री होते. पुण्याचा, विद्वान, संगीताचा खरा भक्त असा हा माणूस. त्यांची निष्ठा मला शंकास्पद वाटत नाही. २० जुलै १९५२ रोजी सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५४ पासूनचे आकाशवाणी संगीत संमेलन, ही त्यांच्या काळातील कामे लहान नाहीत. संस्थानिकांचा आश्रय नुकताच तुटलेल्या कितीतरी कलावंतांची चूल या काळात रेडिओच्या मानधनावर पेटती राहिली. शनिवारी रात्री दीड तास एकच कलावंत साऱ्या देशाने ऐकावा, ही कल्पना ज्याच्या काळात रुजली त्याला मुजरा करायला मी तयार आहे.

पण हाच माणूस हातात छडी घेऊन उभा राहिला. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवितात, म्हणून ती कमी करा. लावलीच तर चित्रपटाचे नाव सांगू नका, कारण ती जाहिरात होते. चित्रपटनिर्माते रागावले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या आणि रेडिओवरून हिंदी चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. छडीखाली बसलेली पोरे काय करतात हे कोणत्याही मास्तराला विचारा. ती खिडकीतून बाहेर उडी मारतात. देशातील पोरांनी उडी मारली ती थेट लंकेत.

३

रेडिओ सिलोनचे लघुलहरींचे प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या उपयोगासाठी उभारलेले होते. युद्ध संपले, यंत्रे राहिली, आणि त्यांच्यावरून हिंदी चित्रपटसंगीताची व्यापारी सेवा सुरू झाली. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' आली आणि बुधवारची रात्र देशभर तिच्या नावावर जमा झाली. टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीच्या पैशांवर कोट्यवधी लोकांना गाणी फुकट मिळू लागली. बाजार काय करू शकतो, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले. बाजार काय करीत नाही, हे मात्र कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. सिलोनच्या व्यापारी हिंदी सेवेत रागसंगीताला मुख्य ओटीवर जागा नव्हती. तसा ग्राहकही नव्हता आणि तसा आग्रह धरणारा मालकही नव्हता.

दिल्लीने हार मानली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. त्या दिवशी 'विविध भारती' सुरू झाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही सेवा म्हणजे सरकारी घरात उघडलेले सिलोनचे दुकान, असे पुष्कळांनी म्हटले असेल. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि दुकानाची पाटी रीतसर लागली.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या म्हणण्याचा कणा येथेच आहे. विविध भारती ही रागसंगीताची सेवा नव्हती. ती मुख्यतः सिनेमाच्या गाण्यांवर चाले आणि पुढे जाहिरातींवर जगू लागली. परंतु तिच्या सकाळच्या कार्यक्रमांत 'संगीत सरिता' नावाचा एक पाव तासाचा कोनाडा होता. एक राग घ्यायचा, त्याची चलन सांगायची, त्यातली एखादी बंदिश वा गत ऐकवायची, आणि त्याच रागाच्या वाटेने गेलेले सिनेमाचे एखादे गाणे लावायचे. बस्स, एवढेच. वर्षानुवर्षे, सकाळी साडेसातच्या सुमारास, हा पाव तास देशभर ऐकू येत राहिला.

त्या पाव तासाने काय केले, ते मला पुस्तकातून कळलेले नाही. मी लहान होतो तेव्हा आमच्याकडे एक शिंपीकाका होते. त्यांचे हात आणि पाय मशीनवर गुंतलेले असत. कान तेवढे मोकळे. म्हणून रेडिओ सकाळी लागे तो रात्री दिवा मालवेपर्यंत. मुंबई केंद्र सव-महाडकडे खरखरत येई. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की खरखर अधिक. शाळेत जाताना त्यांच्या दाराशी थांबण्याची मला सवय होती. एके दिवशी काकांनी मशीन मध्येच थांबविले. रेडिओवर कोणी बाई यमन समजावून सांगत होत्या. काका मला म्हणाले, "बघ रे बाळा, हे आत्ता गायले ते, आणि आपले ते सिनेमातले गाणे, दोघांची वाट एकच आहे. गाव वेगळे, वाट एक."

यमन हे नाव त्यांना त्या दिवसापूर्वी ठाऊक नव्हते. त्यांनी कोणाकडे यमन मागितलेला नव्हता. रेडिओ लावताना त्यांनी मागितले होते ते सिनेमाचे गाणे; यमन त्याच्या शेजारी आला. पुढे काकांनी रागांची नावे एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांची मापे लिहायची तीच वही. मागल्या पानांवर राग. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, आणि उलटीकडून यमन, भूप, बागेश्री. काका गेले. ती वही कुठे गेली ठाऊक नाही. पण रागसंगीताच्या प्रसाराचा विषय निघाला की मला सभागृहे आठवत नाहीत, ती वही आठवते.

४

आता 'गंधर्व'कडे येतो. 'वर्ल्डस्पेस' ही अमेरिकेत स्थापन झालेली कंपनी. संस्थापक नोआ समारा. आफ्रिका आणि आशिया खंडांतील ज्या लोकांपर्यंत माहिती पोचत नाही, त्यांच्यापर्यंत उपग्रहावरून थेट रेडिओ पोचवावा, असा तिचा मूळ हेतू होता. १९९८ साली आफ्रिकेसाठी आणि मार्च २००० मध्ये आशियासाठी तिने उपग्रह सोडले. भारतात तिचा संच विकत घ्यावा लागे आणि वर्गणी भरावी लागे. तिच्या अनेक वाहिन्यांपैकी 'गंधर्व' ही हिंदुस्थानी संगीताची, 'श्रुती' ही कर्नाटक संगीताची. ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकाराला तिने आपल्या प्रचारासाठी उभे केले होते.

२००६ च्या आसपास महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राकडे हा संच आला. संचाला एक चपटी, पाटीसारखी अँटेना होती. ती खिडकीत ठेवून आग्नेयेकडे, आकाशाच्या मध्यावर रोखायची. आमच्याकडून पाहिले तर ती पोलादपूरच्या बाजूच्या डोंगरांच्या माथ्यावरून पलीकडे पाहत असल्यासारखी दिसे. आंब्याची फांदी मध्ये आली की आवाज जाई. मित्राने फांदी तोडली नाही, खिडकी बदलली. ह्यावरून तो कसा माणूस होता हे ध्यानात येईल.

रविवारी मी त्याच्याकडे जात असे. खरे सांगतो, ते ऐकणे विलक्षण होते. खरखर नाही, बातम्यांसाठी मध्येच खाली उतरणारा आवाज नाही, जाहिरात नाही. विलंबित ख्याल सुरू झाला की तो आपल्या गतीने, आपल्या मनाने, पूर्ण व्हायचा. रेडिओवर ख्याल ऐकताना मनाच्या एका कोपऱ्यात घड्याळ टिकटिकत असते. ते येथे थांबले. जो गाणे जाणतो त्याच्यासाठी याहून मोठे सुख नव्हते, आणि वाहिनी बंद पडली तेव्हा अशा माणसांना घरातले कोणी गेल्यासारखे झाले असेल तर त्यात अतिशयोक्ती नाही.

मग ती बंद का पडली? सर्वसाधारण उत्तर असे, की आपल्या लोकांना रागसंगीत नको आहे. हे उत्तर आळशी आहे. मूळ कंपनी ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर अब्जावधी डॉलरांची देणी होती. उपग्रह बांधणे आणि सोडणे हा राजांचा खर्च. तो वर्गणीतून भरून निघेना. म्हणजे रागसंगीत बुडाले नाही. ज्या जहाजात ते बसले होते ते बुडाले. गझल, सिनेमा, पाश्चात्त्य संगीत, सगळेच उतारू त्याबरोबर गेले. 'गंधर्व'च्या अंतावरून रसिकतेच्या मृत्यूचा पंचनामा करणे न्यायाचे नाही.

परंतु याच्या उलट बोलणारेही आहेत. ते म्हणतात, कंपनी नीट चालली असती तर 'गंधर्व'ने रागसंगीताचा प्रश्न सोडविला असता. हेच मला मान्य नाही. ती चालली असती तर माझा मित्र सुखी झाला असता. शिंपीकाका तिच्या वाटेला गेले नसते. संच घेऊन, वर्गणी भरून, रागसंगीताची वाहिनी निवडायला रागसंगीत आधी आवडावे लागते. 'गंधर्व' ही फी भरून जायची शिकवणी होती. आणि शिकवणीला तोच मुलगा जातो, ज्याच्या घरी अभ्यासाची गोडी आधीच आहे.

५

कोणी विचारील, वर्गणी नको तर जाहिराती घ्याव्यात. सिलोनला जमले, रागसंगीताला का जमू नये? पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखविण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झालेले 'क्लासिक एफएम' हे केंद्र जाहिरातींवर चालते आणि अभिजात संगीत ऐकविते, हे खरे आहे. पण ते कसे ऐकविते ते पाहावे. त्यांची सिम्फनी बहुधा चार खंडांची असते. प्रत्येक खंडाला आरंभ आहे, अंत आहे. एखादा खंड उचलून लावला आणि मागून साबणाची जाहिरात आली, तर सिम्फनीचा अपमान होत असेल, पण तिचा खून होत नाही. आपल्या ख्यालाला असे सांधे नाहीत. बढत म्हणजे एकाच बीजाचे वाढणे. बाराव्या मिनिटाला कापा की विसाव्या, कापलेली जागा भळभळते. पन्नास मिनिटांच्या ख्यालाच्या मध्ये जाहिरातदाराला उभे राहायला जागा नाही, आणि ज्याला उभे राहायला जागा नाही तो भाडे देत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या तबकड्यांवर तीन-सव्वातीन मिनिटांत अब्दुल करीम खाँसाहेब राग उभा करीत होते, मग कापाकापीची एवढी भीती कशाला? याचे उत्तर असे, की ती मिनिटे गायकाने स्वतः रचलेली होती. लहान मूर्ती घडविणे निराळे आणि मोठ्या मूर्तीचा हात तोडून आणणे निराळे. त्या तबकड्यांनी गावोगावच्या चहाच्या दुकानांतून जे कान तयार केले, तेही न मागणाऱ्यांचेच कान होते, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शिवाय पाश्चात्त्यांची गोष्ट तरी सर्वत्र सुखाची आहे का? न्यूयॉर्कचे 'डब्ल्यूक्यूएक्सआर' हे केंद्र १९३६ पासून व्यापारी पद्धतीने अभिजात संगीत ऐकवीत आले. १९४४ साली ते 'न्यूयॉर्क टाइम्स'ने घेतले. एवढ्या श्रीमंत शहरात, एवढ्या मोठ्या वृत्तपत्राच्या मालकीचे केंद्र. पण ऑक्टोबर २००९ मध्ये ते श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे गेले आणि त्याचा व्यापारी अवतार संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपला 'गंधर्व' गेला. दोन्ही घटनांची कारणे निराळी. पण एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की एवढे तरी कळते, की रसिकतेचे आणि गल्ल्याचे भांडण एकट्या हिंदुस्थानातले नाही.

६

तेव्हा हिशेब असा होतो. १९२७ ची कंपनी वर्गणीवर चालू पाहत होती. ती तीन वर्षांत गेली. केसकरांनी छडी घेतली, श्रोता पळाला. सिलोनने बाजार भरविला. त्यात रागसंगीताचा गाळा नव्हता. 'गंधर्व'ने रसिकांसाठी महाल बांधला. महालाच्या दारात तिकीट होते. या सगळ्यांत टिकले आणि फळले कोण? सिनेमाच्या गाण्यांच्या घरातला तो पाव तासाचा कोनाडा.

त्यातली विसंगती गोड आहे. रागसंगीत वाचवायचे म्हणून केसकरांनी सिनेमाचे गाणे घराबाहेर काढले. पुढे सिनेमाच्या गाण्यानेच घर भाड्याने घेतले आणि त्यातला एक कोनाडा रागसंगीताला दिला. 'संगीत सरिते'साठी कोणी जाहिरातदार धावत आला असेल असे मला वाटत नाही. तिचे भाडे सिनेमाच्या गाण्याने भरले. मात्र त्या कोनाड्यात दिवा लावलाच पाहिजे, हा आग्रह बाजाराचा नव्हता. तो सार्वजनिक संस्थेचा होता. पैसा एकाचा आणि आग्रह दुसऱ्याचा, असे जुळून आले म्हणून ते टिकले. नुसता पैसा असता तर कोनाडा बुजला असता. नुसता आग्रह असता तर घर ओस पडले असते.

आम्हा मास्तरांना शिकविण्याच्या पद्धतींत एक सूत्र घोकविले जाते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे ठाऊक आहे तेथून हात धरून, ठाऊक नाही तेथे न्यावे. केसकर अज्ञातापासून आरंभ करीत होते. सिलोन ज्ञातापाशीच थांबले. 'गंधर्व'ने ज्यांना ज्ञात होते त्यांनाच बोलाविले. 'संगीत सरिते'ने ओळखीच्या गाण्याचे बोट धरले आणि यमनाच्या दारापर्यंत आणून सोडले. आत जायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

पाव तासात राग कळतो का, असे जाणकार हसून विचारतील. नाही कळत. दार म्हणजे घर नव्हे. शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम हवा, रात्रभर चालणारी मैफल हवी, 'गंधर्व'सारखा महालही हवा होता. पण एवढे महाल बांधून त्यांच्याकडे जाणारी पायवाटच पुसली गेली, तर आत बसणार कोण? आज आत बसलेल्यांची पोरे?

७

आता आजचे. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने 'रागम्' ही अभिजात संगीताची चोवीस तासांची वाहिनी बंगळूरहून सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही संगीते तिच्यावर आहेत, आणि आकाशवाणीच्या जुन्या संग्रहाचे बळ तिच्या पाठीशी आहे. वर्गणी नाही, दारात तिकीट नाही. 'गंधर्व'च्या मागे राहिलेली जागा सार्वजनिक पैशाने भरून काढली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ती डीटीएचवर किंवा मोबाईलवर शोधून काढावी लागते. तिकीट गेले, तरी शोधणे राहिलेच. ती मागणाऱ्याची वाहिनी आहे.

आणि आमच्या पोरांच्या हातातला मोबाईल? त्याच्यात जगातले सगळे गाणे आहे. अब्दुल करीम खाँ आहेत, केसरबाई आहेत, कुमारही आहेत. एवढा मोठा संग्रह कोणत्याही राजाच्या दरबारी नव्हता. पण त्याचा स्वभाव असा, की काल जे मागितले त्याच्यासारखेच तो आज पुढे करतो. शिंपीकाकांच्या हाती तो असता, तर त्याने त्यांना सिनेमाचीच गाणी आमरण ऐकविली असती, आणि काका समाधानाने मशीन चालवीत राहिले असते. मापांच्या वहीची मागली पाने कोरी राहिली असती.

मग करावे काय? खाजगी एफएम केंद्रांना सरकार परवाने देते, त्यांना अटी घालते. रोज सकाळी पाव तास, ओळखीच्या गाण्याला लागून एक राग, एवढी एक अट घालायला काय हरकत आहे? हे वाक्य लिहिले आणि माझे मलाच हसू आले. केसकरांची छडी नकळत माझ्या हातात आली की काय? रात्रभर या शंकेने मला सोडले नाही. सकाळी मनाशी एक फरक ठरविला, तो वाचकांपुढे ठेवतो. लोकांना जे आवडते ते काढून घेणे निराळे, आणि त्याच्या शेजारी आणखी काही ठेवणे निराळे. पहिली छडी आहे. दुसऱ्याला आमच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार म्हणतात. तो कोणी मागत नाही, पुष्कळ जण वाचतही नाहीत. तरी आम्ही तो रोज लिहितो.

आमच्या सवला गरम पाण्याचे झरे आहेत. लांबून लोक अंग शेकायला येतात. पण जो नुसता वाटेने चालला आहे त्यालाही वाफ दिसते, वास येतो, आणि तो पाण्यात बोट घालून पाहतो. बाटलीत भरून विकले तर ते पाणी मुंबईपर्यंत जाईलही. पण वाटसरूच्या बोटाला ते लागणार नाही.

परवान्याची ती पुस्तिका मी मुलाला परत दिली आणि नीट जपून ठेव म्हणून सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, आजोबा काय ऐकायचे?"

"जे लागेल ते," मी म्हणालो.

या खेपेला तो हसला नाही. विचार करीत राहिला. मीही त्याला अधिक काही सांगितले नाही. मधल्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर कोणी न मागता भूप लावून ठेवला आणि डबा उघडला. पोरे खेळत होती. दोघे-तिघे खिडकीशी थांबली, थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा पळाली.